कवटीतलं खिंडार कशाने बुजवायचं?

डोक्याला जबर मार लागला किंवा पक्षाघाताच्या मोठ्या झटक्यानंतर मेंदू सुजला, तर सर्जन कवटीचा एक तुकडा काढून ठेवतात. जीव वाचतो. माणूस हळूहळू सावरतो आणि मग पुढच्या ऑपरेशनची वेळ येते. तेव्हा घरच्यांना विचारलं जातं, की त्यांचंच हाड परत बसवायचं, टायटॅनियमची जाळी घालायची, की आणखी काही? बहुतेक नातेवाईक उलट विचारतात, "यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?" प्रश्न साहजिक आहे, पण त्याला सरळ उत्तर नाही. एकाला उत्तम ठरलेलं साहित्य दुसऱ्याला नको ते दुखणं देऊन जातं. असं का होतं, हे एकदा नीट समजलं तर सर्जनशी बोलताना घरच्यांना चाचपडावं लागत नाही.

सुरुवात हाड काढावंच का लागतं इथून करू. कवटी ताणली जात नाही. तिच्या आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी एवढ्यांनाच जागा असते. यातल्या एकाने जास्त जागा व्यापली की बाकीच्यांना सरकावं लागतं, आणि सरकायला जागा संपली की आतला दाब झपाट्याने चढतो. स्कॉटलंडचे डॉक्टर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि केली यांनी १८२४ मध्ये मांडलेलं हे तत्त्व आजही अतिदक्षता विभागात रोज उपयोगी पडतं. औषधांनी दाब उतरत नसेल तर हाडच बाजूला काढायचं, म्हणजे सुजलेल्या मेंदूला फुगायला जागा मिळते. या ऑपरेशनला डीकॉम्प्रेसिव्ह क्रॅनिएक्टॉमी म्हणतात. मोठ्या माणसात काढलेला तुकडा साधारण १२ सेंटिमीटर व्यासाचा किंवा त्याहून मोठा असतो. लहान तुकडा काढला तर फुगलेला मेंदू छिद्राच्या कडांवर दाबला जाऊन जखमी होतो. सूज उतरल्यावर ते खिंडार बुजवायचं, ती क्रॅनिओप्लास्टी. हाडात शिरलेली गाठ, हाडाचा जंतुसंसर्ग किंवा जन्मजात व्यंग यांमुळेही हीच वेळ येऊ शकते.

हे ऑपरेशन दिसण्यासाठी असतं, असा मोठा गैरसमज आहे. दिसणं महत्त्वाचं आहेच. डोक्याची एक बाजू खोल गेलेला माणूस लोकांत मिसळायला बिचकतो, आणि या त्रासाला कुणी हलकं लेखू नये. पण हाड नसलेल्या जागी बाहेरच्या हवेचा दाब थेट कातडीमार्फत मेंदूवर येतो. कातडी आत खेचली जाते, खालच्या भागातला रक्तपुरवठा आणि मेंदूभोवतीच्या पाण्याचा प्रवाह बदलतो. काहींना उभं राहिलं की डोकं दुखतं, चक्कर येते, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. काहींची सुधारत आलेली बोली किंवा हाताची ताकद पुन्हा मागे जाते. अमेरिकन सर्जन ग्रँट आणि नॉरक्रॉस यांनी १९३९ मध्ये अशा तक्रारी एकत्र नोंदवल्या होत्या. खिंडार बुजवल्यावर यातल्या अनेक तक्रारी कमी होतात, कधीकधी काही दिवसांतच. म्हणून फिजिओथेरपी चालू असूनही माणूस जागचा हलत नसेल, तर कवटीतलं खिंडार हे एक कारण म्हणून तपासायला हवं.

आता साहित्याकडून अपेक्षा काय असतात ते पाहा. फटका सोसण्याइतकं मजबूत, पण हलकं. शरीराने न नाकारणारं. जंतूंना सहज थारा न देणारं. कपाळाच्या आणि कानशिलाच्या वळणांत चपखल बसणारं. ऊन-थंडीत त्रास न देणारं. पुढे सीटी किंवा एमआरआय करायची वेळ आली तर चित्र न बिघडवणारं. शक्य तर आजूबाजूच्या हाडाशी एकजीव होणारं, आणि मुलांत डोक्याबरोबर वाढणारं. या सगळ्या अटी पुऱ्या करणारा पदार्थ अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. प्रयत्न मात्र फार जुने आहेत. पेरू देशातल्या प्राचीन कवट्यांवर धातूचे पत्रे सापडलेले आहेत. सोळाव्या शतकात इटालियन शरीररचनातज्ज्ञ फॅलोपियस यांनी सोन्याच्या पत्र्याबद्दल लिहिलं. डच सर्जन फान मेकरेन यांच्या १६६८ मधल्या लेखनात एका रशियन सरदाराच्या कवटीला कुत्र्याचं हाड बसवल्याची नोंद आहे. चर्चला ते मान्य नव्हतं, म्हणून तो ते काढून घ्यायला परत आला, तोवर हाड पक्कं धरलं होतं, अशी ती हकिकत सांगतात.

स्वतःच्या हाडापासून सुरुवात करणं रास्त आहे, कारण पहिला विचार त्याचाच होतो. आकार तंतोतंत, परकं काही नाही, बनवून घ्यायची गरज नाही. काढलेला तुकडा निर्जंतुक वेष्टनात गुंडाळून उणे ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. तशी सोय नसेल तर रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली कप्पा करून त्यात ठेवतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण ही पद्धत शंभर वर्षांपासून वापरात आहे. हाड रुग्णाबरोबर राहतं, तो दुसऱ्या गावी गेला तरी हरवत नाही, आणि वीज गेली म्हणून खराब होत नाही. बदल्यात पोटावर एक जखम होते, आणि मोठा तुकडा असेल तर तो काही महिने टोचतो.

खरी अडचण परत बसवल्यानंतर सुरू होते. गोठवलेल्या हाडातल्या पेशी मेलेल्या असतात. आपण परत बसवतो तो मांडव असतो. कडेच्या जिवंत हाडातून नव्या पेशींची वेल त्यावर चढायची असते. वेल वेळेत चढली तर मांडवाच्या जागी जिवंत हाड तयार होतं. नाही चढली तर शरीर ते मेलेलं हाड हळूहळू पोखरून संपवून टाकतं. याला रिसॉर्प्शन म्हणतात, म्हणजे हाड विरून जाणं. काही महिन्यांनी कडा खचतात, स्क्रू सैल होतात, हाताला मऊ लागायला लागतं, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. हाडाचे दोन-तीन तुकडे झालेले असतील किंवा रुग्ण लहान असेल तर हा धोका वाढतो. काही अहवालांत मुलांमधलं हे प्रमाण निम्म्यापर्यंत गेलेलं दिसतं. जंतू मारण्यासाठी हाड ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत घातलं, तर त्यातली प्रथिनंही नष्ट होतात आणि ते विरण्याची शक्यता आणखी वाढते.

ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत ६४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं: एका गटाला स्वतःचं हाड, दुसऱ्याला त्याच्या मापाने बनवलेली टायटॅनियमची प्लेट. वर्षभरात हाडाच्या गटातल्या सुमारे पाचांतल्या एकाचं हाड पूर्णपणे विरलं. टायटॅनियमच्या गटात तसं अपयश आलं नाही. ६४ हा आकडा लहान आहे आणि एका वर्षात सगळं कळत नाही, तरीही "स्वतःचं ते नेहमीच चांगलं" या समजुतीला या चाचणीने धक्का दिला. माझं मत असं, की हाड अखंड आणि स्वच्छ असेल, रुग्ण मोठा असेल आणि फार उशीर झाला नसेल, तर पहिली संधी त्यालाच द्यावी. मात्र ते विरू शकतं हे घरच्यांना आधीच सांगायला हवं. वर्षभराने अचानक कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

हाड फेकून द्यावं लागलं असेल, जंतुसंसर्ग झाला असेल किंवा गाठ हाडातच शिरली असेल, तर बनवलेल्या साहित्याकडे वळावं लागतं. त्यात जुनं आणि स्वस्त म्हणजे अ‍ॅक्रिलिक. त्याचं रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. दातांच्या कवळीचा पाया याच कुळातला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ते कवटीसाठी वापरायला सुरुवात झाली. भुकटी आणि द्रव एकत्र केले की कणकेसारखा गोळा होतो, सर्जन तो जागेवर आकार देऊन बसवतात आणि काही मिनिटांत तो कडक होतो. कडक होताना मात्र खूप उष्णता बाहेर पडते, आतलं तापमान ऊतींना भाजण्याइतकं चढू शकतं. म्हणून ओतताना मेंदूच्या आवरणावर ओलं संरक्षण ठेवतात आणि थंड सलाइनची धार धरतात. किंवा आकार बाहेरच साच्यात घडवतात, पूर्ण थंड होऊ देतात आणि मग बसवतात. दुसरी पद्धत मला जास्त योग्य वाटते, कारण कडक न झालेल्या द्रवाचा अंश शरीरात जाण्याची भीतीही त्यात कमी होते. अ‍ॅक्रिलिक स्कॅनमध्ये अडथळा आणत नाही आणि त्यात अँटिबायोटिक मिसळता येतं. उणीव अशी, की ते हाडाशी जुळत नाही, फक्त जागेवर राहतं, आणि जोराच्या फटक्याने त्याला तडा जाऊ शकतो. स्वस्त आहे म्हणून ते कमी प्रतीचं, असं समजू नये. साच्यात नीट घडवलेल्या अ‍ॅक्रिलिकने असंख्य रुग्ण वर्षानुवर्षं उत्तम राहिलेले आहेत.

महायुद्धात टँटलम नावाचा धातूही बराच वापरला गेला. तो जड होता, उष्णता पटकन वाहून नेत होता आणि एक्स-रेमध्ये खालचं सगळं झाकून टाकत होता. त्याची जागा पुढे टायटॅनियमने घेतली. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो, त्यामुळे शरीरात ते गंजत नाही आणि हाड त्याच्याशी चांगलं जुळवून घेतं. ते चुंबकाला ओढलं जात नाही, म्हणून एमआरआय करता येतो. प्लेटजवळच्या भागातलं चित्र तेवढं थोडं विस्कटतं. एक मिलिमीटरहूनही पातळ जाळीने पुरेसं संरक्षण मिळतं. जाळीला भोकं असल्याने खाली साचणारं पाणी निघून जातं आणि ऊती तिच्यातून वाढतात. रुग्णांची एक तक्रार मात्र ऐकावी लागते: थंडीत त्या बाजूला गार वाटतं आणि कडक उन्हात गरम.

टायटॅनियमची मोठी उणीव काही वर्षांनी कळते. पातळ, ताठ कडेवर ताणलेली कातडी हळूहळू झिजत जाते आणि एके दिवशी धातू उघडा पडतो. रेडिएशन घेतलेल्या, अनेकदा ऑपरेशन झालेल्या किंवा मुळातच पातळ कातडी असलेल्या माणसात हे जास्त होतं. सपाट जाळी ऑपरेशनच्या टेबलावर कापून वाकवली तर कडा टोकदार राहण्याची शक्यता असते. आधीच मापाने बनवलेल्या प्लेटमध्ये त्या गोल करून घेता येतात.

पीक हे अलीकडचं आवडतं साहित्य. पूर्ण नाव पॉलिइथर-इथर-कीटोन. वितळायला ३४० अंशांहून जास्त तापमान लागणारं हे प्लास्टिक ऑटोक्लेव्हमध्ये निर्धास्त निर्जंतुक करता येतं. सीटी-एमआरआयमध्ये ते आड येत नाही, उष्णता फारशी वाहून नेत नाही, वजन कमी आणि आकार इतका नेमका की चेहऱ्याची ठेवण परत मिळते. कपाळ आणि डोळ्याच्या खोबणीजवळचं नाजूक काम असेल तर ते फार उपयोगी पडतं. विक्रीच्या माहितीपत्रकांत त्याच्या हाडासारख्या लवचिकतेवर फार भर दिलेला असतो. टायटॅनियमचा ताठपणा साधारण ११० गिगापास्कल, पीकचा ३ ते ४, आणि कवटीचं कठीण हाड या दोन्हींच्या मध्ये. मांडीच्या हाडात या फरकाला मोठा अर्थ आहे, कारण तिथे शरीराचा भार सतत वाहायचा असतो. कवटीवर तसा भार नसतो. म्हणून केवळ या आकड्यासाठी जास्त खर्च करू नये असं मला वाटतं. पीक निवडायचं तर आकार, स्कॅन आणि तापमान या कारणांसाठी निवडावं. त्याचा दोष असा, की ते शरीरात अगदी अलिप्त राहतं. हाड किंवा ऊती त्याला धरत नाहीत, त्यामुळे त्याच्या खाली किंवा वर पाणी साचल्याच्या तक्रारी तुलनेने जास्त दिसतात. त्याच कुळातल्या पेक या प्लास्टिकपासून रुग्णाच्या मापाने छापलेल्या कवटीच्या इम्प्लांटला अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये परवानगी दिली.

हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट हा हाडातल्या खनिजाचाच प्रकार, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. सच्छिद्र रूपात त्यात नवं हाड शिरू शकतं, हे त्याचं वैशिष्ट्य. पण तोवर ते ठिसूळ असतं, आणि सुरुवातीच्या महिन्यांत फटका बसला तर फुटू शकतं. त्याची सिमेंटसारखी लुकण लहान खड्डे भरायला ठीक आहे, मोठ्या खिंडारासाठी एकट्याने नाही. सच्छिद्र पॉलिइथिलीनही वापरतात, विशेषतः कानशिलाचा खोलगटपणा भरायला.

इतकं सगळं सांगून झाल्यावर ज्या गोष्टीवर निकाल बहुतेक वेळा ठरतो ती सांगतो: वरची कातडी. प्लेट कितीही चांगली असली तरी तिच्यावरचं आवरण जाड, रक्ताने पोसलेलं आणि ताण नसलेलं हवं. परक्या वस्तूवर जंतू बसले की ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थरात अँटिबायोटिक नीट पोचत नाही आणि शरीराच्या संरक्षक पेशीही हतबल होतात. मग प्लेट काढावीच लागते, पुन्हा महिनोन्‌महिने खिंडार उघडं ठेवून थांबावं लागतं. म्हणून कातडी खराब असेल तर आधी प्लास्टिक सर्जनची मदत घेऊन शरीराच्या दुसऱ्या भागातून चांगलं आवरण आणणं, आणि प्लेट नंतर, हा क्रम पुष्कळदा शहाणपणाचा ठरतो. मधुमेह आटोक्यात आणणं, तंबाखू बंद करणं, अंगावर कुठे जखम चिघळलेली नाही ना हे बघणं, हे सगळं साहित्याच्या निवडीइतकंच वजनदार आहे. कपाळामागची हवेची पोकळी, म्हणजे फ्रंटल सायनस, उघडी पडलेली असेल तर नाकातले जंतू थेट प्लेटपर्यंत येऊ शकतात. ती आधी बंद करावी लागते.

कधी बसवायचं याबद्दल सर्जनांत एकमत नाही. पूर्वी सहा महिने किंवा वर्षभर थांबायची रीत होती. आता मेंदूची सूज उतरली आणि जखम कोरडी असेल तर तीन महिन्यांच्या आत बसवण्याकडे अनेकांचा कल आहे, कारण लवकर बसवल्याने शरीर सावरायला मदत होते असं दिसतं. जंतुसंसर्ग होऊन गेला असेल तर मात्र घाई करत नाहीत. मेंदूत पाणी साचत असेल तर त्याचा निचरा आधी करायचा की प्लेटसोबत, हा आणखी एक गुंता असतो, आणि त्याचं उत्तर प्रत्येक रुग्णाच्या स्कॅनवर ठरतं.

मापाची प्लेट बनवायला पातळ कापांचा सीटी स्कॅन लागतो, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीचा. एका बाजूचं हाड गेलं असेल तर संगणकात चांगल्या बाजूचं प्रतिबिंब उलटून त्या जागी बसवतात आणि त्यावरून आकार ठरतो. खिंडार मधोमध असेल तर प्रतिबिंब उपयोगी पडत नाही, तिथे कडांच्या वळणावरून अंदाज बांधावा लागतो. हा स्कॅन झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत कडेचं हाड बदललं तर प्लेट नीट बसत नाही, म्हणून फार जुन्या स्कॅनवर काम करू नये. ज्यांना पूर्ण प्लेट छापून घेणं परवडत नाही, त्यांच्यासाठी फक्त साचा छापून त्यात अ‍ॅक्रिलिक ओतायचा मार्ग आहे. खर्च बराच कमी होतो आणि आकार जवळपास तितकाच चांगला येतो. मला हा मार्ग फार मोलाचा वाटतो, आणि तो उपलब्ध आहे का हे नातेवाइकांनी जरूर विचारावं.

मुलांचा विचार वेगळा करावा लागतो. वर्षभराच्या आतल्या बाळाच्या मेंदूचं आवरण स्वतः हाड तयार करू शकतं, त्यामुळे लहान छिद्रं कधीकधी आपोआप भरतात. पुढे ही क्षमता ओसरते. डोकं मात्र वाढतच असतं, आणि पहिल्या काही वर्षांत तर फार वेगाने. ताठ प्लेट त्याबरोबर वाढत नाही, म्हणून मुलांत शक्यतो स्वतःचंच हाड वापरतात. कवटीचं हाड दोन पापुद्र्यांचं असतं, मध्ये मऊ थर. तीन-चार वर्षांनंतर हे पापुद्रे वेगळे करण्याइतके जाड झालेले असतात, तेव्हा दुसऱ्या बाजूचं हाड जाडीतून चिरून एक पापुद्रा खिंडारावर आणि दुसरा मूळ जागी, असं दोन्हीकडे पुरवता येतं. काम कष्टाचं आहे, पण जिवंत हाडाशी जुळण्याची शक्यता त्यात चांगली असते. बरगडीचं हाडही वापरतात, मात्र डोक्यावर तिचे उंचवटे दिसू शकतात.

ऑपरेशनआधी सर्जनला काय विचारावं? आमच्या माणसाच्या कातडीची स्थिती कशी आहे. पुढे रेडिएशन किंवा वारंवार एमआरआय लागणार आहे का, कारण गाठीच्या रुग्णात चित्र न झाकणारं साहित्य बरं पडतं. हे साहित्य बिघडलं तर पुढचा पर्याय काय असेल. आणि यातल्या कोणत्या साहित्यावर तुमच्या टीमचा हात बसलेला आहे. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण चांगला सर्जन त्याचं उत्तर मोकळेपणाने देतो.

घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, जखमेतून स्राव, वाढती सूज, झोपाळूपणा किंवा झटके आले तर वाट पाहू नये, लगेच दाखवावं. नंतरच्या वर्षांसाठी एक सवय लावून घ्यावी: केस विंचरताना प्लेटच्या कडेची कातडी बोटांनी चाचपावी. ती तुकतुकीत, लाल किंवा पातळ लागली, किंवा टाचणीच्या टोकाएवढा धातू दिसला, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात सर्जनकडे जावं. कातडी फाटण्याआधी पोचलं तर शेजारची निरोगी कातडी सरकवून प्लेट झाकता येते आणि बरेचदा ती वाचते. फाटून जंतू आत गेल्यावर तो मार्ग सहसा उरत नाही.